उंदराच्या मापाने मासा

गेल्या खरिपाच्या तोंडावर आमच्या तालुक्याला शेतकरी मेळावा झाला. मंडप, चहा, बुंदी आणि व्यासपीठावर फवारणीच्या औषधांचे एक जाणकार. गृहस्थ चांगले बोलले. धानावरचे तुडतुडे, खोडकिडा, गादमाशी यांच्याबद्दल त्यांनी जे सांगितले त्यातले बहुतेक बरोबर होते. शेवटी मासेमारी करणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्याने उभे राहून विचारले, की आमच्या बोडीतले (छोट्या तलावातले) मासे दर श्रावणात उलटे होतात ते कशाने? जाणकार हसले. त्यांच्या उत्तराचा गोषवारा असा: औषधाची मात्रा इतकी थोडी असते की पाण्यापर्यंत पोचेतो तिचे काही उरत नाही. मासे मरतात ते पाण्यातला प्राणवायू घटल्याने. काचेच्या टाकीत मासा मारून दाखवणे सोपे असते, पण टाकी म्हणजे तळे नव्हे. आणि तसेही लाल त्रिकोणाची जुनी औषधे आता मागे पडली, हल्लीची पिवळ्या-निळ्या त्रिकोणाची आहेत. टाळ्या पडल्या. म्हातारा खाली बसला.

मी मागच्या रांगेत होतो. ज्या काचेच्या टाक्यांची त्यांनी चेष्टा केली, तशा टाक्यांपुढे माझी उमेदीची वर्षे गेली आहेत. तिथे उठून बोलायला हवे होते. बोललो नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्रिकोणापासूनच सुरुवात करतो, कारण सगळी फसगत तिथे आहे. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनी बाटलीवर रंगीत त्रिकोण आणला. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हा रंग कशावर ठरतो? औषध पोटात गेले किंवा कातडीला लागले तर निम्मे प्राणी मरायला शरीराच्या किलोमागे किती मिलिग्रॅम लागतात, यावर. आणि हे प्राणी म्हणजे प्रयोगशाळेतले उंदीर. फवारणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे माप ठीक आहे, उंदीर आणि आपण दोघेही सस्तन. पण त्या रंगाचा माशाशी काडीचा संबंध नाही. नोंदणीच्या वेळी माशांवरच्या चाचण्यांचे कागद मागितले जातात, हे मला ठाऊक आहे. ते फायलीत राहतात, फार तर घडीच्या माहितीपत्रकात मुंगीच्या अक्षरात एक ओळ येते. बाटलीवर मात्र त्रिकोणच दिसतो आणि दुकानदारापासून मजुरापर्यंत सगळे तोच वाचतात.

सायपरमेथ्रिनचे उदाहरण घ्या. ते उंदराला तोंडावाटे दिले, तर मरण यायला किलोमागे शेकडो मिलिग्रॅम लागतात. उंदराचे यकृत ते भराभर तोडते आणि शरीर बाहेर टाकते. माशाला तोडण्याची ही कला नीट येत नाही. गोड्या पाण्यातल्या निरनिराळ्या माशांवर प्रयोग झाले तेव्हा ९६ तासांत निम्मे मासे मारणारे प्रमाण लिटरमागे साधारण ०.४ ते २.८ मायक्रोग्रॅम निघाले. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. आता हिशेब करू. २५ टक्के सायपरमेथ्रिनच्या एका मिलिलीटरमध्ये सुमारे २५० मिलिग्रॅम विष असते. लिटरला एक मायक्रोग्रॅम या प्रमाणाने ते अडीच लाख लिटर पाण्याला पुरते, म्हणजे दहा हजार लिटरच्या २५ टँकरना. एक हेक्टरची, मीटरभर खोल बोडी धरा. तिच्यात एक कोटी लिटर पाणी मावते. त्या सगळ्या पाण्याला हे प्रमाण आणायला दहा ग्रॅम विष लागेल, म्हणजे बाटलीतले ४० मिलिलीटर. टपरीवरचा कटिंग चहासुद्धा याहून जास्त असतो. मात्रा थोडी असते, हे जाणकारांचे म्हणणे खरेच आहे. थोडी कुणासाठी, एवढेच विचारायचे राहिले.

इथे त्यांच्या बाजूने जेवढे बोलता येईल तेवढे बोलून घेतो. सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधे पाण्यात सुटी राहत नाहीत, गाळाला आणि शेवाळाला चिकटतात. त्यामुळे तळ्यात पडलेले सगळेच्या सगळे माशाच्या कल्ल्यांपर्यंत जात नाही आणि टाकीतल्या आकड्यापेक्षा तळ्यात नुकसान कमी दिसू शकते. मुद्दा रास्त आहे. पण चिकटले म्हणजे संपले नव्हे. गाळात किड्यांच्या अळ्या असतात. मृगळ गाळ चाळून खातो, वाम गाळात राहते, झिंगे गाळावरच चालतात. शिवाय माझा वरचा हिशेब तलावभर पसरलेल्या विषाचा होता. प्रत्यक्षात पंप धुतला जातो तो बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेच्या नाल्यात, गुडघाभर पाण्यात. तिथे ते पसरायला एक कोटी लिटर नसतात.

आता टाकी म्हणजे तळे नव्हे, या मुद्द्याकडे येतो. अगदी कबूल. पण फरक कोणत्या बाजूने पडतो ते पाहा. आम्ही रोहूच्या बोटुकल्या आणायचो. क्लोरीन उडवलेल्या पाण्यात पंधरा दिवस त्यांना रुळवायचो, आजारी दिसली की वेगळी काढायचो. प्रयोगाला स्वच्छ पाणी, हवेचे बुडबुडे, ठरलेले तापमान, आणि औषध एकच. मग चार दिवस मेलेले मासे मोजायचे आणि प्रोबिट नावाच्या संख्याशास्त्रातल्या गणिताने आकडा काढायचा. माशाला आयुष्यात मिळणार नाही अशी ती बडदास्त होती. तळ्यात पाणी कोमट असते आणि प्राणवायू अपुरा. औषध एकटे येत नाही, आणि चार दिवसांनी प्रयोग संपला म्हणून कुणी मासा दुसऱ्या पाण्यात सोडत नाही. प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के, क्लोरपायरिफॉस ५० अधिक सायपरमेथ्रिन ५, अशी जोडऔषधे दुकानात सर्रास मिळतात. त्यातले पहिले ज्या विकरांना बांधून टाकते, त्यांतलीच काही विकरे दुसऱ्याला तोडणारी असतात. चोराने आधी राखणदाराचे हात बांधावेत तसे हे आहे. टाकीतले एकेकट्या औषधाचे आकडे कुणाला भडक वाटत असतील, तर मला ते अनेकदा सौम्य वाटतात.

यात एक कबुली आम्हा मास्तरांचीही आहे. महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्र विभागांनी अमुक कीटकनाशकाचा तमुक गोड्या पाण्यातल्या माशावर होणारा परिणाम या साच्याचे प्रबंध ढिगाने काढले. मरळ, मागूर, रोहू, कटला, खवली, कुणी सुटले नाही. कल्ल्यांचे काप, यकृतातले ग्लायकोजन, रक्तपेशींची मोजदाद. पदव्या मिळाल्या, बढत्या झाल्या, प्रबंध लोखंडी कपाटात गेले. त्यातला एक आकडा मराठीत लिहून कुणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावला, असे मी पाहिले नाही. मीही लावला नाही. मेळाव्यातल्या त्या म्हाताऱ्याला जाणकारांनी गप्प केले खरे, पण त्याला द्यायचे उत्तर तीस वर्षे कपाटात ठेवून आम्ही त्याला आधीच एकटे पाडले होते.

प्राणवायूचा मुद्दा सगळ्यांत जोरकस आहे, कारण तो अर्धा खरा आहे. कृष्णा-पंचगंगेत मासे मेल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांत बहुतेक वेळा मळी, सांडपाणी आणि त्याने संपलेला प्राणवायूच असतो. ते मी नाकारत नाही. पण प्रत्येक मेलेला मासा त्याच खात्यावर टाकण्याची सोय त्यामुळे झाली आहे. दोन मरणे ओळखायची कशी, हे ढिवरांना विचारा. प्राणवायू संपतो तो रात्री, कारण शेवाळ आणि पाणवनस्पती उजेडाशिवाय प्राणवायू बनवत नाहीत, उलट वापरतात. म्हणून ती मर पहाटे दिसते, मोठे मासे आधी जातात, आणि वरची हवा घेऊ शकणारे मरळ-मागूर तगतात. औषधाची मर दिवसाच्या कोणत्याही वेळी येते, फवारणीनंतरच्या पहिल्या जोराच्या पावसाच्या मागोमाग. तिच्यात किडे आणि झिंगे आधी मरतात, मग बारीक मासे, मग मोठे. मेळावा संपल्यावर त्या म्हाताऱ्याने चहा घेता घेता मला हेच सांगितले, "सर, पयले झिंगे जातेत, मंग बारीक." झिंगा हा किड्यांच्याच गोतातला, किड्यांवरचे औषध त्याला आधी लागणार यात नवल काय? अमेरिकेत लुइझियानामध्ये भातखाचरांतच चिंगाटीसारखे क्रेफिश पाळतात. तिथे फिप्रोनिल लावलेले भाताचे बियाणे वापरात आले आणि क्रेफिश मेले. प्रकरण कोर्टात गेले आणि २००४ साली साडेचार कोटी डॉलरवर तडजोड झाली. तेच फिप्रोनिल दाणेदार रूपात आपल्या धानाच्या बांध्यांत पडते.

शिवाय प्राणवायू किंवा औषध, अशी निवड मुळात नाहीच. हवेत पाण्याच्या तीस-चाळीस पट प्राणवायू असतो. आपण एका श्वासात जे मिळवतो त्यासाठी माशाला कितीतरी पाणी कल्ल्यांवरून काढावे लागते. पाणी तापले, प्राणवायू घटला, की तो आणखी भराभर पाणी ओढतो आणि पाण्यात जे आहे ते आणखी भराभर आत घेतो. आपण विषाजवळून जातो, मासा ते श्वासात घेतो. तणनाशकाने पाणवनस्पती मेल्या आणि कुजल्या तर प्राणवायू संपेल, मासे मरतील, आणि तपासणीत निघेल ‘प्राणवायूचा अभाव’. निदान चूक म्हणता येणार नाही. गळफास घेतलेल्या माणसाच्या दाखल्यावर ‘श्वास थांबला’ एवढेच लिहिण्याइतके ते बरोबर असेल.

तपासणीवरून आठवले. एकदा एका तळ्यावर मर झाली. दुपारी कळवले, तिसऱ्या दिवशी माणूस आला, प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून घेऊन गेला. बाटली गाडीच्या डिकीत, मे महिन्यासारख्या उन्हात. अहवालात सामू, विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सीओडी असे रकाने भरलेले, आणि खाली कीटकनाशक आढळले नाही असा शेरा. कोणत्या कीटकनाशकाची चाचणी केली, असे मी विचारले. चाचणी केलीच नव्हती. फॉस्फरसयुक्त औषधे कोमट पाण्यात झपाट्याने विघटतात, काही प्लास्टिकला चिकटतात, आणि वाहत्या नाल्यातली तर पहिल्या रात्रीच पुढे निघून जातात. शोधले नाही आणि सापडले नाही, यांतला फरक सरकारी कागदावर एका शब्दाने पुसला जातो.

जुनी वाईट औषधे गेली, आताची चांगली, हे आश्वासनही मी चौथ्यांदा ऐकतो आहे. आमच्याकडे विष पिण्याला कित्येक वर्षे ‘एन्ड्रिन प्यायला’ असेच म्हणत. औषधाचे नाव विषाचे सामान्यनाम झाले. १९६३ च्या हिवाळ्यात मिसिसिपी नदीत लाखो मासे मेले, त्यामागे हेच एन्ड्रिन निघाले. भारतात त्यावर बंदी यायला १९९० उजाडले. मग एन्डोसल्फान आले. १९६९ मध्ये ऱ्हाइन नदीत त्याने माशांचा खच पाडला होता, तरी ते आपल्याकडे चाळीस वर्षे खपले. केरळातल्या कासरगोडच्या माणसांचे हाल देशभर गाजल्यावर १३ मे २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. त्यानंतर फॉस्फरसवाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हाही पहिला ठपका औषधावर आला नाही. मास्क लावला नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारले, औषधे मिसळली, म्हणजे दोष मरणाऱ्याचा. त्या दिवसांत त्याच शेतांतून वाहणाऱ्या नाल्यांचे काय झाले, हे कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. मज्जातंतूंतला निरोप पुसणारे जे विकर त्या मजुरांच्या शरीरात गोठले, तेच माशाच्या मेंदूत असते. मासा आधी सैरावैरा पळतो, तोल जातो, गोल गोल फिरतो, अंगावर चिकट स्राव सुटतो आणि पोट वर होते.

मग निऑनिकोटिनॉइडे आली. माशाला सौम्य म्हणून त्यांचा गौरव झाला आणि तो निव्वळ खोटा नव्हता. इमिडाक्लोप्रिडने मासा थेट सहजी मरत नाही. मात्र जपानमधल्या शिंजी सरोवराची हकीकत २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली, ती वाचावी. सरोवराभोवतीच्या भातशेतीत १९९३ पासून ही औषधे वापरात आली. वसंतातले प्राणिप्लवंग ८३ टक्क्यांनी घटले, आणि वाकासागी नावाच्या लहान माशाची वर्षाची सरासरी पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. त्या माशांना विष द्यावे लागले नाही, ते उपाशी राहिले. अशा मरणाला पंचनामा नाही, पाण्यावर तरंगणारे प्रेतही नाही. ढिवर जाळे टाकतो, रिकामे काढतो, आणि यंदा पाऊस नीट झाला नाही असे स्वतःलाच सांगतो.

मासा न मारता त्याला निकामी करण्याचे आणखीही मार्ग आहेत. डायझिनॉनचे लिटरमागे एक मायक्रोग्रॅम प्रमाण सॅमनला मारत नाही, फक्त त्याची वास घेण्याची ताकद बिघडवते. शत्रूचा वास आला तरी तो जागचा हलत नाही. हे वाचल्यापासून मला आपल्याकडच्या वलगणीची काळजी वाटते. कोकणात पहिल्या पावसाला मासे नदीतून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात चढतात आणि तिथे अंडी घालतात. आमच्याकडेही तलावातून बांधीत चढतात. या वाटेवर ते प्रवाह आणि वास यांच्या आधाराने जातात. अंडी घालायचा हंगाम आणि फवारणीचा हंगाम एकच, आणि जागाही तीच. पिल्लू अंड्यातून बाहेर येते ते औषध पडलेल्या वीतभर पाण्यात.

भारतात हेक्टरी कीटकनाशकाचा वापर जगाच्या मानाने कमी आहे, अर्धा-पाऊण किलोच्या आसपास, हेही त्या दिवशी आकड्यानिशी सांगण्यात आले. आकडा खोटा नाही, निरुपयोगी आहे. पूर्वी डीडीटी किलोने लागे, डेल्टामेथ्रिन हेक्टरी दहा-बारा ग्रॅम पुरते. वजन घटले ते विष तेज झाल्यामुळे. विषाची तुलना किलोत करणे म्हणजे सुरीची तुलना वजनकाट्यावर करणे. आणि सरासरीत कोरडवाहू ज्वारीची ती सगळी रानेही धरलेली असतात जिथे फवारणीचा पंप जातच नाही. बोडीला पाणी येते ते तिच्या वरच्या चार बांध्यांतून.

राहिला पीक हवे की मासे, हा प्रश्न. विचारणारा नेहमी शेतकऱ्याच्या वतीने विचारतो आणि ऐकणारा ओशाळतो. मी ओशाळत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतले हजारो मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले ते धानासाठी, आणि त्याच पाण्यावर ढिवरांची चूल पेटत आली. धान आणि मासा एकाच पाण्याची दोन पिके होती. ढिवरांच्या संस्थेने तलावाचा ठेका भरलेला असतो, मत्स्यबीज विकत आणून सोडलेले असते. तेही पीकच, फक्त सातबाऱ्यावर चढत नाही. बांधीतले बारीक मासे आणि झिंगे ज्यांच्या ताटात जातात, त्यांना दुसरे कालवण परवडत नाही. आणि मासे खाऊन टाकतात त्या डासांच्या अळ्या, तुडतुड्याची पडलेली पिल्ले यांचा हिशेब तर कुणीच धरत नाही. फवारणी बंद करा असे मी म्हणत नाही. तुडतुड्याने जळालेली बांधी मी पाहिली आहे.

१८९७ च्या मत्स्य कायद्यात इंग्रजांनी मासे मारण्यासाठी पाण्यात विष घालणाऱ्याला दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. गेळफळ कुटून डोहात टाकणारा आदिवासी त्यात सापडे. त्याहून कित्येक पटींनी जहाल द्रव्य नाल्यावाटे त्याच डोहात आले, तर ते कुणी ‘घातलेले’ नसते. म्हणून तो गुन्हा नाही, नुसता पाऊस.

माझे मागणे मोठे नाही. युनोच्या रसायन-वर्गीकरणात जलचरांना घातक द्रव्यांसाठी एक चित्र ठरलेले आहे, वाळलेले झाड आणि पोट वर केलेला मासा. ते त्रिकोणाच्या शेजारी, त्रिकोणाएवढेच मोठे, प्रत्येक बाटलीवर सक्तीने छापा. अक्षर न येणाऱ्या मजुरालाही ते वाचता येईल. ब्रिटनमध्ये काही औषधांना ओढ्याच्या काठापासून पाच मीटर पट्टा सोडावा लागतो, तसा नियम नाल्या-बोड्यांच्या काठी करा. पंप धुवायची जागा ग्रामपंचायतीने ठरवून द्यावी, पाण्यापासून लांब, पडीत जमिनीवर.

आणि हे सरकार करील तेव्हा करील. तोवर वाचकांना, विशेषतः तळ्याकाठच्यांना आणि माझ्या पेशातल्या मंडळींना एक विनंती. पाणी वाहून गेले तरी माशाच्या मेंदूत पुरावा राहतो. फॉस्फरसवाल्या किंवा कार्बामेट औषधाने मासा गेला असेल तर मेंदूतले निरोप पुसणारे ते विकर दबलेले सापडते. ते मोजण्याची एलमनची पद्धत १९६१ पासून रूढ आहे, आणि तिला लागणारे यंत्र बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत धूळ खात आहे. मर दिसली की पंचनाम्याची वाट न पाहता तडफडणारे किंवा नुकतेच मेलेले पाच-सहा मासे बर्फात ठेवा. ज्या तळ्याच्या वर फवारणी झालेली नाही तिथले, त्याच जातीचे तेवढेच धडधाकट मासेही तसेच ठेवा, तुलनेला लागतात. पाणी काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, तेही बर्फात. तारीख, वेळ, आधीचा पाऊस, वरच्या बांधीत काय फवारले ते, आणि झिंगे आधी मेले की मासे, हे कागदावर लिहा. मग जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात घेऊन जा. गावात बर्फ मिळत नसेल तर कुल्फीवाल्याकडे मागा.